अंदमानचं पाच रात्रींचं पॅकेज: पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे पाण्यात जातात

महाराष्ट्रात अंदमानचं पॅकेज कुठूनही घ्या, मोठ्या कंपनीकडून नाहीतर कोपऱ्यावरच्या एजंटकडून, आतला ऐवज एकच निघतो. पाच रात्री, सहा दिवस. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरून सेल्युलर जेल आणि संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे. तिसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक आणि राधानगर किनारा, चौथ्या दिवशी एलिफंट बीच. पाचव्या दिवशी नील बेटावर धावती भेट आणि रात्री परत पोर्ट ब्लेअर. सहाव्या दिवशी विमान. बाराटांग हवं असेल तर वरचे पैसे भरून. हॉटेलचे तारे बदलतात, जेवणात पनीर असतं की सुरमई ते बदलतं, साचा तोच राहतो.

साचा वाईट नाही. पाहण्यासारख्या बहुतेक जागा त्यात आल्या आहेत. गडबड आहे ती वेळांची. हा कार्यक्रम हॉटेलचं चेक-इन आणि बोटीचं तिकीट बघून आखलेला असतो, आणि बेटावरचा दिवस मात्र सूर्य आणि समुद्र ठरवतात. पॅकेज घेण्याआधी हे दोन हिशेब समजून घेतले तर त्याच पैशांत बरंच जास्त पदरात पडतं.

सूर्याचा हिशेब सोपा आहे. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला साधारण २० रेखांश, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे तिथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे ८० मिनिटं आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात संध्याकाळी ५ च्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला अंधार पडतो. आपल्याकडे सहल म्हटली की नऊला नाश्ता, दहाला गाडी. या चालीने अंदमानात गेलात तर उजेडाचे चार तास हॉटेलातच संपतात. दुपारी दोनच्या बोटीने हॅवलॉकला जाऊन 'राधानगरचा सूर्यास्त' दाखवू असं कुणी लिहून दिलं असेल, तर बोटीला लागणारे दीड-दोन तास, सामान मिळण्यातली अर्धी घटका, जेट्टीपासूनचे १२ किलोमीटर असं सगळं मांडून बघा. किनाऱ्यावर पोचेपर्यंत शिट्टी वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढायला सुरुवात झालेली असते.

दुसरा हिशेब भरती-ओहोटीचा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण पॅकेज आखणारा बहुधा घाटावरचा असतो. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज त्या साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उतार. पोर्ट ब्लेअरला उधाणाच्या दिवशीही पाणी वर-खाली होतं ते दोनेक मीटर, मुंबईच्या मानाने निम्मंच. पण इथले किनारे उथळ आणि पोवळ्यांच्या पठाराचे, त्यामुळे तेवढ्या फरकानेही समुद्र शंभर-दोनशे पावलं मागे जातो. कुठे हीच ओहोटी हवी असते, कुठे ती आली की पोहणं बंद. हॅवलॉक आणि नीलवरचं अर्धं अधिक सुख यावर अवलंबून आहे आणि छापील कार्यक्रमात त्याचा उल्लेखही नसतो. तारखा ठरवताना कालनिर्णय उघडा आणि नीलचा दिवस अमावस्या किंवा पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आगेमागे येईल असं बघा. नेमके तास पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात, ते एजंटला विचारायच्या भानगडीत पडू नका.

आता एकेक जागा.

सेल्युलर जेल हा या पॅकेजचा कणा आहे आणि त्याला दिलेला वेळ सगळ्यात कमी असतो. दुपारी दीड तास, मग रांगेत उभं राहून शो. १८९६ मध्ये बांधायला घेतलेला हा तुरुंग १९०६ मध्ये पुरा झाला. मधला मनोरा आणि त्यातून फुटणाऱ्या सात तीन मजली इमारती, सगळ्या मिळून सुमारे ७०० कोठड्या. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचं तोंडही दिसू नये अशी मांडणी. कोठडी साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद, झरोका तीन मीटर उंचीवर. दाराचा अडसर भिंतीतल्या कोनाड्यात असा बसवलेला की आतून हात काढला तरी पोचू नये. तो कोनाडा जरूर बघा, गाइड बहुधा पुढे निघून गेलेला असतो. सातपैकी आज तीनच इमारती उभ्या आहेत. बाकीच्या पाडल्या गेल्या आणि त्या आवारात पुढे सरकारी रुग्णालय आलं. १९७९ मध्ये तुरुंगाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

मराठी गट सावरकरांच्या कोठडीकडे धाव घेतो. ती वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. ४ जुलै १९११ ला ते इथे आले आणि १९२१ मध्ये त्यांना भारतात परत नेलं. थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. दुपारी तीननंतर त्या छोट्या खोलीपुढे फोटोसाठी रांग लागते आणि मागचे लोक 'चला, चला' करतात. सकाळी तुरुंग उघडताच गेलात तर सज्जा मोकळा मिळतो. मग खाली फाशीघराकडे, कोलूच्या, म्हणजे तेलाच्या घाण्याच्या, शेडकडे आणि संग्रहालयात वेळ घालवता येतो. कोलूला जुंपलेल्या कैद्याकडून दिवसाला ३० पौंड खोबरेल तेल काढून घेत. ते यंत्र समोर बघताना हा आकडा डोक्यात असू द्या. गच्चीवरून समोर रॉस बेट दिसतं, कैदी आणि साहेब यांच्यामधलं अंतर केवढं होतं ते तिथे कळतं.

लाइट अँड साउंड शो हिंदीत आणि इंग्रजीत असतो, वेळा वेगवेगळ्या. तिकीट आधी काढलेलं आहे ना, आणि ते कुठल्या भाषेतलं, हे पॅकेजवाल्याकडून लेखी घ्या. गर्दीच्या दिवसांत 'मिळेल तो शो' या नावाखाली आजी-आजोबांना इंग्रजीसमोर बसवलं जातं. शो उघड्यावर आहे. पाऊस आला तर गोंधळ, आणि डास बारा महिने.

एवढ्यावर थांबून चालत नाही. अंदमानातली वसाहत जेलपेक्षा बरीच जुनी आहे. १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअरने पहिली वसाहत बसवली, ती रोगराईने १७९६ मध्ये गुंडाळावी लागली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना कैदी ठेवायला दूरची जागा हवी होती, म्हणून १० मार्च १८५८ ला २०० कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरवली. जंगल तोडलं ते त्यांनी, साहेबांचे बंगले बांधले तेही त्यांनी. हे सगळं रॉस बेटावर दिसतं, म्हणून रॉस आधी आणि जेल नंतर असा क्रम लावला तर गोष्ट नीट उलगडते. पॅकेजमध्ये क्रम उलटा असतो. विमान सकाळी लवकर पोचत असेल तर तो बदलून मागा.

रॉस, म्हणजे आजचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, पॅकेजमधली सगळ्यात पैसा वसूल जागा आहे. अबर्डीन जेट्टीवरून बोटीने दहा-पंधरा मिनिटं. १८५८ पासून १९४१-४२ पर्यंत इंग्रजांचा कारभार इथून चालायचा. चर्च, बेकरी, क्लब, छापखाना, टेनिस कोर्ट, पाणी शुद्ध करण्याचा कारखाना असं सगळं या इवल्याशा बेटावर होतं. जून १९४१ च्या भूकंपाने इमारती खिळखिळ्या झाल्या आणि मार्च १९४२ मध्ये जपानी आले. त्यांनी खोदलेले बंकर अजून आहेत. आता वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी भिंती अशा कवटाळल्यात की कुठे विटांनी झाड धरलंय आणि कुठे झाडाने विटा, ते कळत नाही. ठिपक्यांची हरणं माणसाळलेली आहेत, हातातली पिशवी ओढतात. ती इथली मूळची नाहीत, इंग्रजांनी आणलेली. बहुतेक गट चर्चपर्यंत जाऊन परत फिरतात. पलीकडच्या बाजूला उतरून दीपगृहाकडे जाणारी पायवाट घ्या, बेटाचा सगळ्यात सुंदर भाग तोच. पूर्ण फेरीला अडीच तास हवेत, बोटवाला सव्वा तास देतो. दोन बेटांच्या जोड तिकिटाऐवजी फक्त रॉसचं तिकीट काढलं तर ही घाई टळते. बुधवारी बेट बंद असतं, आणि तरीही बुधवारी रॉस लिहिलेले कार्यक्रम सर्रास सापडतात.

नॉर्थ बेबद्दल मत सरळ आहे: टाळा. जुन्या लालसर २० रुपयांच्या नोटेच्या मागे जे दीपगृह आणि नारळीची झाडं आहेत ती याच किनाऱ्याची. एवढं सांगून गाइड खूश होतो. पण तिथे उतरलं की सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं), स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखाली बघत पोहणं), काचेच्या तळाची बोट, जेट स्की यांच्या पावत्या फाडणारे लोक अंगावर येतात. पॅकेजमध्ये 'नॉर्थ बे' म्हणजे फक्त तिथवर नेणं, पाण्यात उतरायचे पैसे वेगळे. किनाऱ्याजवळचं पोवळं गर्दीने आणि २०१० च्या उन्हाळ्यात तापलेल्या समुद्राने पांढरं पडून पुष्कळसं मेलेलं आहे. त्या पैशांत वंडूरहून जॉली बॉय करा. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट साधारण नोव्हेंबर ते मे उघडं असतं, पावसाळ्यात त्याऐवजी रेड स्किन. वन खात्याचा परवाना आधी काढावा लागतो, माणसांची संख्या ठरलेली असते, सोमवारी बंद. प्लास्टिक अजिबात नेता येत नाही, पाण्याच्या बाटलीसाठी अनामत ठेवावी लागते. बेटावर दुकान नाही, हॉटेल नाही, चहासुद्धा नाही. एजंट ते सुचवत नाहीत कारण तिथे पावत्या फाडायला कुणी बसलेलं नसतं. पोवळं बघायला हीच जागा.

सी-वॉक करायचाच असेल तर एक फायदा ध्यानात ठेवा: हेल्मेटमध्ये हवा भरलेली असते, डोकं कोरडं राहतं, त्यामुळे चष्मा चालतो. स्नॉर्कलिंगच्या मास्कखाली चष्मा बसत नाही, काडीजवळून पाणी शिरतं. मिशी असेल तर ओठावर व्हॅसलीन लावा, नाहीतर तिथूनही पाणी येतं. बोटवाले 'हे असंच असतं' म्हणतात. ते असं नसतं, मास्क बदलून मागा.

बोटींचं बोलू. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक समुद्रातून साधारण ४० किलोमीटर. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, स्वस्त असतात आणि अडीच तासांच्या आसपास वेळ घेतात. पर्यटकांना त्यांची तिकिटं हाती लागणं कठीण, कारण बेटावरच्या लोकांना प्राधान्य आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यासाठी ती एसटी आहे. पॅकेजमध्ये असतात त्या हॅडो धक्क्यावरून सुटणाऱ्या खाजगी कॅटामरान, दीड ते अडीच तासांच्या. यात 'प्रीमियम', 'लक्झरी', 'रॉयल' अशा वर्गांवर जादा पैसे घालवण्यात हशील नाही. वरच्या मजल्यावरचा आणि नाकाजवळचा महागडा सोफा सगळ्यात जास्त हेलकावतो. बोट लागणाऱ्याने खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडं मागे बसावं. बंद एसी केबिनमध्ये डिझेलचा वास, गारठा आणि क्षितिज दिसत नाही, या तिन्हींनी मिळून उलटी होते. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. पोट अगदी रिकामंही ठेवू नका आणि मिसळ खाऊनही चढू नका.

तिकिटावर ओळखपत्राप्रमाणे नाव हवं आणि मूळ ओळखपत्र जवळ हवं. सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर पोचावं लागतं. सामानाला वजनाची मर्यादा असते, म्हणून दोन मोठ्या बॅगा पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवून बेटांवर छोटी बॅग न्यावी. नावांचा घोळ लक्षात असू द्या. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटावर कधी जुनं, कधी नवं नाव येतं, दोन्ही चालतात. हॅवलॉक आणि नील हे १८५७ चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनाधिकारी. त्यांची नावं बदलायला इतकी वर्षं का लागली हाच खरा प्रश्न.

आणि एक नियम कधीच मोडू नका: ज्या दिवशी परतीचं विमान त्या दिवशी बेटावरून बोट नको. वारा वाढला की बोटी बंद होतात आणि विमान थांबत नाही. जून ते ऑगस्टमध्ये हे हमखास होतं, पण नोव्हेंबर-डिसेंबरातल्या चक्रीवादळांच्या वेळीही होतं. नैर्ऋत्य मोसमी पाऊस इथे मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो, म्हणजे केरळच्याही आधी. समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी सगळ्यात नितळ फेब्रुवारी ते एप्रिल. दिवाळीची सुट्टी, जेव्हा अर्धा महाराष्ट्र तिथे असतो, ती खरं तर मधलीच वेळ. पाऊस पडूही शकतो.

हॅवलॉकवर दोन रात्री पॅकेजने बरोबर दिल्या आहेत. हॉटेल कुठे आहे ते मात्र विचारा. पूर्वेकडचे गोविंदनगर, विजयनगर हे ३ आणि ५ नंबरचे किनारे, बहुतेक हॉटेलं तिथेच. ब्रोशरमध्ये दिसतं ते तलावासारखं निळं पाणी भरतीचं असतं. ओहोटीला तिथे समुद्र लांब मागे जाऊन खडक, चिखल आणि खेकडे उरतात. चालायला मजा, पोहायला शून्य. पहाटे उठून सूर्योदय बघायला मात्र हीच बाजू. ७ नंबरचा राधानगर पश्चिमेला आहे, वाळूचा, हळूहळू खोल होणारा, भरती-ओहोटी काहीही असो पोहता येणारा. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅग मिळाला. कपडे बदलायच्या खोल्या, नळ, जीवरक्षक असं सगळं आहे. पॅकेजवाले सूर्यास्ताला आणतात तेव्हा तिथे जत्रा असते. सकाळी सात ते नऊ तोच किनारा जवळपास रिकामा. उजवीकडे टोकाला नील्स कोव्ह नावाची सुरेख खाडी आहे, तिथे पोहायला बंदी आहे आणि ती गंमत म्हणून लावलेली नाही. २०१० मध्ये त्याच भागात स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका अमेरिकन महिलेचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीने बळी घेतला. मगरीची पाटी जिथे आहे तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये.

गावं बंगाली आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या, म्हणून बाजारात मोहरीच्या तेलाचा वास आणि माशाचा झोल. पॅकेजमधलं बुफे जेवण एक दिवस चुकवा आणि बाजारातल्या साध्या खानावळीत माशाची थाळी घ्या. शाकाहारी मंडळींची अडचण होत नाही, भाज्या नीलवर पिकतात. पोर्ट ब्लेअरला मराठी जेवण मिळेल या आशेवर मात्र पैसे भरू नका, ते फक्त स्वतःचा आचारी नेणाऱ्या कंपन्याच देतात.

एलिफंट बीचला बोटीने जाता येतं किंवा रस्त्याला गाडी लावून जंगलातून दोनेक किलोमीटर चालत. बोट पॅकेजमध्ये असते आणि सोबत 'स्नॉर्कलिंग फुकट' लिहिलेलं असतं. ते दहा मिनिटांचं असतं: हातात रबरी कडं, मार्गदर्शक ओढून नेतो, परत आणतो. लांबच्या फेरीसाठी मग पैसे. भरतीच्या वेळी पाणी ढवळलेलं नसेल तर इथलं पोवळं चांगलं दिसतं. अगदी खाली गेलेल्या ओहोटीत पोवळ्यावर पाय पडतात, कापतंही आणि मरतंही. २००४ च्या त्सुनामीनंतर आडवे झालेले प्रचंड वृक्ष किनाऱ्यावर तसेच पडून आहेत.

पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्यांना बहुधा किनाऱ्याजवळच्या नीमो रीफवर नेतात. पोहता येत नसलं तरी चालतं, वय किमान १० हवं, आणि नवख्याला १२ मीटरपेक्षा खाली नेत नाहीत. सर्दी असेल तर उतरू नका, कानातला दाब सुटत नाही आणि पडदा दुखावतो. दमा, हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर फॉर्मवर खरं लिहा. 'नाही, नाही वर टिक करा' म्हणणाऱ्या केंद्रातून उठून या. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी १८ तास जाऊ द्यावेत. म्हणून स्कूबा चौथ्या दिवशी सकाळी ठेवा, शेवटच्या संध्याकाळी नको.

सगळ्यात मोठा घोटाळा नीलचा आहे. हे बेट पॅकेजमध्ये 'वाटेवरचं' म्हणून येतं. हॅवलॉकहून तासाभरात पोचायचं, सामान गाडीत टाकायचं, भरतपूर, लक्ष्मणपूर, नैसर्गिक पूल, आणि तीन-चार तासांत परतीची बोट. तो पूल, ज्याला गाववाले हावडा ब्रिज म्हणतात, म्हणजे पोवळ्याच्या दगडात लाटांनी कोरलेली कमान. तिथवर जायचं तर लक्ष्मणपूर दोनच्या खडकाळ पठारावरून चालावं लागतं, आणि ते पठार ओहोटीच्या तळाच्या आगेमागे दीड-दोन तासच उघडं असतं. तुमची बोट अकराला पोचली आणि ओहोटी संध्याकाळी पाचला असेल तर गाइड लांबूनच हाताने पूल दाखवतो आणि 'पाणी भरलंय' म्हणतो. ओहोटी नीट साधली तर खळग्यांत अडकलेले रंगीत मासे, समुद्री काकड्या, शिंपले आणि जिवंत पोवळं पायाजवळ बघायला मिळतं. दगड बुळबुळीत असतात. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. गुडघेदुखीवाल्यांनी पायऱ्यांच्या तळाशी थांबावं. खळग्यातलं काही उचलू नये.

उपाय सोपा: नीलवर एक रात्र मुक्काम, आणि ती पोर्ट ब्लेअरच्या शेवटच्या रात्रीतून काढायची नाही, तर दुसऱ्या रात्रीतून. म्हणजे पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, दुसरी-तिसरी हॅवलॉक, चौथी नील, पाचवी परत पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीने निघायचं. रॉस पहिल्या दिवशी जमलं नाही तर परतल्यावर करता येतं. नीलवर चोवीस तास असले की त्यातली एक तरी ओहोटी उजेडात सापडते. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूर एकला. बेट एवढं लहान की सायकल पुरते. एजंट कुरकुरतात कारण त्यांची हॉटेलशी बोली दोन-दोन रात्रींची असते. हट्ट धरा.

बाराटांग पाच रात्रींत घेऊ नका. पहाटे तीनला उठून ४५-५० किलोमीटरवरच्या जिरकाटांग नाक्यावर रांगेत उभं राहायचं, गाड्यांच्या सहाच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातले सुमारे ५० किलोमीटर, मग मिडल स्ट्रेटची खाडी ओलांडायची, वेगवान बोटीने खारफुटीतून अर्धा तास, शेवटी सव्वा-दीड किलोमीटर चालून चुनखडीची गुहा. खारफुटीचा बोगदा खरोखर देखणा, गुहा बरी. गाळाचा ज्वालामुखी म्हणजे कुंपणात बुडबुडणारा थंड चिखल, त्याच्या नावाने अपेक्षा वाढवू नका. परतायलाही ताफाच, शेवटचा चुकला तर मुक्काम. दहा-बारा तासांत हाती येतो दीड तासाचा निसर्ग. शिवाय तो रस्ता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जारवांच्या क्षेत्रातून जाणारा भाग बंद करायला सांगितलं होतं. तो आजही चालू आहे, मोठ्या प्रमाणात पर्यटकांमुळे. गाडी थांबवणं, फोटो काढणं, काही देणं हे गुन्हे आहेत. 'वाटेत आदिवासी दिसतील' असं सांगून बाराटांग विकणाऱ्या एजंटकडून बाकीचं पॅकेजही घेऊ नये. त्या दिवसाऐवजी दुपारी चिडिया टापू करा, शहरापासून २५ किलोमीटर, जंगल, पक्षी आणि सूर्यास्त तिन्ही.

खर्चात जे धरलेलं नसतं: जेलचा शो कधीकधी, सगळे जलक्रीडा प्रकार, जॉली बॉयचा परवाना, कॅमेऱ्याचं तिकीट. रोख जवळ ठेवा. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यावर इंटरनेट सुधारलं, पण हॅवलॉक-नीलवर यूपीआय अडकतं, आणि एटीएम कधी रिकामं असतं. पहाटे-संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, खाज आठवडाभर जात नाही. पूर्ण पायघोळ कपडे आणि वाळूत थेट न लोळणं एवढाच उपाय. परतताना विमानतळावर बॅगेतलं पोवळं आणि मोठे शंख काढून घेतात, किनाऱ्यावर 'मेलेलं' सापडलं होतं हे कारण चालत नाही. शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी सागरिका दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.